किनारा कोणाचा? रेडीच्या संदर्भात हवामान-अनुकूलन धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना

हवामान बदल हा विषय आता केवळ शास्त्रज्ञांच्या परिषदांपुरता मर्यादित राहिलेला नाही. राज्य शासनाचे कृती आराखडे, आंतरराष्ट्रीय निधीतून चालणारे प्रकल्प, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन योजना आणि ग्रामपंचायतींसाठी घेतली जाणारी अभियाने अशा अनेक मार्गांनी तो गावपातळीवर येऊन पोहोचला आहे. या सर्व दस्तऐवजांत 'अनुकूलन', 'सक्षमीकरण' आणि 'लोकसहभाग' हे शब्द वारंवार आढळतात. या शब्दांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ते कोणत्या किनाऱ्याविषयी बोलतात, त्या किनाऱ्यावर कोण काम करते आणि तेथील निर्णय कोण घेते, या प्रश्नांच्या कसोटीवर त्यांची तपासणी होणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे गाव केंद्रस्थानी ठेवून ही तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. किनारपट्टीवरील समाजाने हवामान बदलाला सामोरे जाण्याची जी तयारी शासनाला अभिप्रेत आहे, तिची मांडणी कोणत्या गृहीतकांवर उभी आहे, त्यांतील कोणती टिकतात आणि कोणती अपुरी पडतात, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश होय.

रेडीच का?

रेडी हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या दक्षिण टोकावरील गाव आहे. उत्तरेस शिरोडा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस तेरेखोल अशी त्याची चौकट सांगता येते. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही तेरेखोलचा किल्ला आणि गाव गोव्यात मोडतात. म्हणजेच निसर्गाच्या दृष्टीने सलग असलेला हा किनारा प्रशासनाच्या दृष्टीने दोन राज्यांत विभागलेला आहे. जांभ्या दगडाचा सडा, डोंगरउतारावरील काजू-आंब्याच्या बागा, सखल भागातील भातशेती, खाडी, वाळूची पुळण आणि खाडीलगतचा यशवंतगड ही सर्व भूरूपे येथे थोड्या अंतरात एकत्र आलेली दिसतात.

याशिवाय रेडीची आणखी एक ओळख आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे लोहखनिजाच्या खाणी वाढल्या आणि रेडी बंदरातून खनिजाची निर्यात होऊ लागली. आज भाविकांचे श्रद्धास्थान असलेली द्विभुज गणपतीची मूर्ती १९७६ मध्ये खाणीच्या परिसरातच सापडली. पुढे २००९ मध्ये बंदराच्या विकासासाठी खाजगी कंपनीशी करार झाला. मासेमारी, शेती, बागायत, खाण, बंदर, तीर्थक्षेत्र आणि पर्यटन यांचे हितसंबंध एकाच गावाच्या हद्दीत एकमेकांना भिडलेले असल्यामुळे किनारी धोरणाची परीक्षा घेण्यास रेडी हे योग्य उदाहरण ठरते. शेजारच्या शिरोड्यातील मिठागरे याच पट्ट्यातील आणखी एक किनारी व्यवसाय दर्शवितात. मे १९३० मध्ये झालेल्या मिठाच्या सत्याग्रहामुळे ती इतिहासात नोंदली गेली आहेत.

बदलाचे स्वरूप

धोरणाची चिकित्सा करण्यापूर्वी बदलाचे स्वरूप थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनानुसार उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात दरवर्षी सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. २४ वर्षांत ही वाढ सुमारे ८ सेंटिमीटर होते. हा आकडा लहान वाटतो. परंतु सपाट वाळूच्या किनाऱ्यावर उभ्या वाढीच्या कित्येक पट आडवे अंतर पाण्याखाली जाते, आणि उधाणाच्या वेळी लाट त्याहीपुढे पोहोचते.

वादळांच्या बाबतीतही हीच दिशा दिसते. अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या तुलनेने शांत, ही समजूत कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होती. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' वादळाने तिला तडा गेला. त्या वेळी समुद्रात असलेल्या कोकणातील अनेक मच्छीमारांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार', ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले 'निसर्ग' आणि मे २०२१ मध्ये सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतून गुजरातकडे गेलेले 'तौक्ते' अशी मालिका झाली. 'तौक्ते'ने जिल्ह्यातील आंबा-काजूच्या बागा, घरे आणि नौका यांचे मोठे नुकसान केले. अनेक गावांचा वीजपुरवठा कित्येक दिवस खंडित राहिला.

याखेरीज काही बदल वादळासारखे बातमीचे विषय होत नाहीत. अवकाळी पावसाने मिठाचा हंगाम अर्धवट संपतो. खाऱ्या पाण्याचा बांध फुटला की भाताचे कुणगे पुढील काही हंगाम नापीक होतात. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. तारलीसारखी मासळी समुद्र तापत गेल्याने आपला पट्टा उत्तरेकडे विस्तारत असल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडले आहे. अशा संथ बदलांना सामोरे जाताना कुटुंबे कर्ज काढतात, व्यवसाय बदलतात किंवा मुलांना मुंबई-गोव्याकडे पाठवितात. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. या घटीला हवामान हे कारण आहे असे म्हणता येणार नाही; मात्र ज्या जिल्ह्यातून माणसे आधीच बाहेर पडत आहेत, तेथे अनुकूलनाचे काम करण्यास कोण उरणार, हा प्रश्न त्यातून निश्चितच उपस्थित होतो.

मदतकेंद्री दृष्टी आणि तिची मर्यादा

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाल्यानंतर पूर्वसूचना, स्थलांतर आणि मदत या तीन बाबतींत झालेली प्रगती मान्य करावीच लागेल. 'फयान'च्या वेळी खोल समुद्रातील नौकांपर्यंत इशारा वेळेत पोहोचविणे कठीण होते. 'तौक्ते'च्या वेळी अनेक दिवस आधीपासून इशारे दिले जात होते. हैदराबाद येथील इन्कॉइस ही संस्था आज लाटांची उंची, समुद्राची स्थिती आणि संभाव्य मत्स्यक्षेत्रे यांची माहिती नियमितपणे देते. ही प्रगती जीव वाचविणारी आहे.

परंतु मदतीचे निकष नुकसान कसे मोजतात, हे पाहिले असता एक उणीव स्पष्ट होते. मासेमारीच्या नुकसानीचा विचार प्रामुख्याने नौका आणि जाळी यांच्याभोवती फिरतो. मासळी सुकविणाऱ्या आणि डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव विकणाऱ्या स्त्रीचे भांडवल म्हणजे सुकविलेला साठा, वाळवणाची जागा आणि उधारीवर चालणारा विश्वास. पंचनाम्याच्या नमुन्यात त्यांना रकाना मिळणे कठीण असते. परवाना नसलेला खलाशी, खाडीत कालवे व तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रिया, कुळाने वा तोंडी कराराने शेती करणारा शेतकरी यांचीही स्थिती अशीच असते. ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याचेच नुकसान कागदावर येते. दुसरी मर्यादा काळाची आहे. मदत ही घटनेनंतर येते आणि घटना ठरविण्यास तारीख लागते. विहीर मचूळ होण्याला तारीख नसते.

संरक्षणकेंद्री दृष्टी : बंधारा आणि बन

किनाऱ्याची धूप वाढली की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. ही मागणी बहुतेक वेळा गावाचीच असते, ही गोष्ट पर्यावरणवादी लिखाणात पुरेशी लक्षात घेतली जात नाही. ज्याच्या घराच्या पायरीला उधाणाचे पाणी लागते, त्याला दगडी भिंत हवी असणे स्वाभाविक आहे. म्हणून बंधारा म्हणजे सरसकट अनिष्ट, अशी भूमिका घेणे अन्यायाचे ठरेल.

तथापि बंधारा घर वाचवितो, तेव्हा पुळण वाचवितोच असे नाही. लाटेची शक्ती भिंतीवर आपटून परतते, पायथ्याची वाळू ओढली जाते आणि भिंत संपते तेथे शेजारच्या किनाऱ्याची धूप वाढण्याचा संभव असतो. रेडी-शिरोड्याच्या पट्ट्यात याला विशेष अर्थ आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर गाबीत समाजात रूढ असलेली रापण ही मासेमारीची पद्धत वाळूच्या रुंद किनाऱ्यावरच चालते. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरील माणसांनी ओढायचे, असे तिचे स्वरूप आहे. मिळालेल्या मासळीचे वाटे जाळे, होडी आणि श्रम यांच्या हिशेबाने ठरतात. होडी ओढून ठेवणे, जाळी दुरुस्त करणे, मासळी वाळविणे ही कामेही पुळणीवरच होतात. पर्यटकाला जे दृश्य आहे, ते मच्छीमाराला कामाचे ठिकाण आहे. पुळण गेली आणि घर राहिले, तर राहत्या जागेचे रक्षण होऊन उपजीविका बुडाली असा त्याचा अर्थ होतो. बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात खडी, दगड आणि वाहतूक यांचा खर्च असतो; बुडणाऱ्या पुळणीचे मोल नसते.

सुरूच्या बनांविषयीही असाच विवेक हवा. वनविभागाने लावलेल्या सुरूमुळे वारा अडतो आणि सरपण मिळते, हे खरे. परंतु वाळूला जखडून ठेवण्याचे काम मर्यादवेल, केवडा यांसारख्या किनाऱ्याच्या स्वतःच्या वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. मर्यादवेल या नावातच तिचे कार्य सांगितलेले आहे. पर्यटनासाठी किनारा 'स्वच्छ' करताना ती उपटली जाते, तेव्हा संरक्षणाची एक विनामूल्य व्यवस्था नष्ट होते.

नियमनकेंद्री दृष्टी : सागरी किनारा नियमन क्षेत्र

१९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचनांतून सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची चौकट घडत गेली. हवामान बदलाच्या दृष्टीने पाहता या प्रवासाची दिशा उलटी असल्याचे दिसून येते. समुद्र पुढे येत असताना नियमन मागे सरकत गेले.

२०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार प्रति चौरस किलोमीटर २,१६१ पेक्षा अधिक घनता असलेल्या क्षेत्रात भरतीरेषेपासूनचे ना-विकास क्षेत्र ५० मीटरपर्यंत आणण्याची मुभा देण्यात आली. विरळ वस्तीच्या क्षेत्रात ते २०० मीटर राहिले. दाट वस्तीतील लोकांची घरांची अडचण दूर करणे हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु धोक्याच्या अंगाने हा निकष तर्कसंगत नाही. लाट लोकसंख्येची घनता पाहून थांबत नाही. उलट दाट वस्तीत तीच लाट अधिक घरांना गाठते. सिंधुदुर्गाची सरासरी घनता २०११ मध्ये प्रति चौरस किलोमीटर सुमारे १६३ होती, म्हणजे या जिल्ह्यात २०० मीटरची मर्यादाच प्रामुख्याने लागू होते. पण खाडीकाठच्या गावांना दुसरा बदल अधिक जाणवणारा आहे. भरतीचे पाणी येणाऱ्या खाड्या व नद्यांच्या काठी २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी कमी असलेले अंतर नियमनाखाली होते. २०१९ मध्ये १०० च्या जागी ५० मीटर आले. खारे पाणी प्रथम खाडीच्या मार्गानेच आत शिरते, हे लक्षात घेतल्यास या बदलाचे गांभीर्य कळते.

धोका-रेषेचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. २०११ च्या अधिसूचनेत लाटा, समुद्रपातळीतील वाढ व किनारारेषेतील बदल विचारात घेऊन ही रेषा आखणे अपेक्षित होते. २०१९ मध्ये तिचे स्थान आपत्ती व्यवस्थापनासाठीच्या साधनापुरते ठेवण्यात आले. म्हणजे धोका कोठे आहे याची माहिती असेल, परंतु बांधकामाची परवानगी त्या माहितीवर आपोआप अवलंबून राहणार नाही.

याच अधिसूचनांत एक उपयुक्त तरतूदही आहे. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमार समाजाच्या दीर्घकालीन निवासी गरजा, मूलभूत सुविधा आणि आपत्तीसज्जता यांचे नियोजन असावे, असे त्या सांगतात. सामान्यतः चर्चा किती मीटर यावरच अडकते आणि ही तरतूद मागे पडते. मच्छीमारांच्या पुढच्या पिढीची घरे कोठे व्हावीत, होड्या व वाळवणाची जागा नकाशावर कशी नोंदवावी, याचा आग्रह ग्रामसभेने धरल्यास तिच्या हाती असलेला हा खरा कायदेशीर आधार आहे.

उपजीविकाकेंद्री दृष्टी : प्रकल्प आणि लाभार्थी

महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०१७ पासून कांदळवन संवर्धनाला उपजीविकेची जोड देणारी योजना सुरू केली. २०१८ मध्ये हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यासाठीच्या प्रकल्पास मान्यता दिली. त्याचा एकूण आकार सुमारे १३ कोटी अमेरिकी डॉलर असून त्यात निधीचे अनुदान ४.३४ कोटी डॉलरचे आहे. या प्रकल्पात सिंधुदुर्गाचा समावेश करण्यात आला. खेकडापालन, कालवेपालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे उपक्रम यातून पुढे आले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचतगटाने चालविलेली कांदळवन सफर हे या दिशेचे सुपरिचित आणि कौतुकास्पद उदाहरण होय. तोडायचे लाकूड म्हणून पाहिले जाणारे कांदळवन उत्पन्नाचे साधन झाले की त्याचे रक्षण करण्यास माणसे तयार होतात, हे त्यातून सिद्ध झाले.

मात्र या दृष्टीतील 'लाभार्थी' हा शब्द विचार करायला लावतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तेव्हा स्थानिक मच्छीमारांना विश्वासात न घेतल्याने जो विरोध झाला, त्यावरून पुढील प्रकल्पांनी लोकांना सामावून घेण्याचा धडा घेतला. पण सामावून घेणे आणि निर्णयाचा अधिकार देणे यांत अंतर आहे. खेकडापालन करायचे की नाही, हे गट ठरवू शकतो. ज्या खाडीत ते करायचे तिच्यात वरून किती गाळ येईल, हे ठरविणे त्याच्या हाती नाही.

रेडीच्या संदर्भात हा मुद्दा निर्णायक आहे. खाणपट्ट्यातील सुटी लाल माती पावसाळ्यात ओहोळांतून शेतात आणि खाडीत जाते. खाडी उथळ झाली की अतिवृष्टीचे पाणी समुद्राकडे जाण्यास अडथळा होतो, आणि त्याच वेळी भरती असेल तर ते सखल भागात पसरते. समुद्रसपाटीलगत खोल खणलेल्या खड्ड्यांतील पाण्याचा उपसा केल्यास भूजलाची पातळी खाली जाऊन खाऱ्या पाण्याला वाट मिळू शकते. तापणारा समुद्र हे जागतिक कारण असले, तरी त्याचा आघात किती खोल होईल हे अशा स्थानिक निर्णयांवर ठरते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील खाणींचा स्वतंत्रपणे विचार केला होता, तो याच कारणास्तव महत्त्वाचा आहे. अनुकूलन प्रकल्प एका विभागाकडे, खाणपट्टे दुसऱ्याकडे, बंदर तिसऱ्याकडे आणि पर्यटन चौथ्याकडे असेल, तर एका हाताने लावलेले कांदळवन दुसऱ्या हाताने बुजविले जाण्याचा धोका कायम राहतो. खाण आणि बंदर यांनी काही कुटुंबांना रोजगार दिला, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच हा हिशेब गावासमोर एकत्रितपणे मांडला जाणे अगत्याचे आहे.

पारंपरिक ज्ञानाविषयी

शासकीय धोरणावरील टीका करताना पारंपरिक ज्ञानाचा गौरव करण्याची प्रथा पडली आहे. या ज्ञानाचे मोल मोठे आहे. खारे आणि मतलई वारे ओळखून दर्यात जाणे, नारळी पौर्णिमेपूर्वी होडी न लोटणे, खार बांधांची आणि उघाडीची सामुदायिक देखभाल करणे, खाजणात कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात घेणे ही सर्व अनुकूलनाचीच रूपे होत. नारळी पौर्णिमेचा संकेत आणि यांत्रिक नौकांवरील १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी यांचा उद्देश बऱ्याच अंशी एकच आहे.

परंतु हे ज्ञान ज्या ऋतुचक्राच्या निरीक्षणातून तयार झाले, तेच आता बदलत आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास येणारी तीव्र वादळे जुन्या अनुभवाच्या चौकटीत बसत नाहीत. शिवाय जुन्या सामुदायिक व्यवस्थांत स्त्रिया आणि भूमिहीन यांचा शब्द क्वचितच निर्णायक होता. खार बांधांची देखभाल मोडकळीस आली, त्यामागे शेतीतून निघून गेलेले मनुष्यबळ हेही कारण आहे. केवळ परंपरेचे स्मरण करून बांध उभे राहत नाहीत. तेव्हा पारंपरिक ज्ञान आणि इन्कॉइसचा इशारा यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी न मानता, गावात दोहोंची नोंद ठेवणारी व्यवस्था उभारणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

अनुकूलनाचे काही निकष

वरील विवेचनावरून किनारी गावाच्या तयारीचे मूल्यमापन करण्यासाठी पुढील निकष सुचविता येतील.

१) पुळण, वाळवणाची जागा, होड्या ओढण्याच्या वाटा, विहिरी, खार बांध आणि उघाड्या यांची गावाने स्वतः तयार केलेली नोंद व नकाशा अस्तित्वात आहे काय आणि तो किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात उतरला आहे काय?

२) बंधारा, खाण, बंदर वा पर्यटन प्रकल्प यांच्या परवानगीपूर्वी त्यांचा पूर, धूप आणि गोड्या पाण्यावरील एकत्रित परिणाम ग्रामसभेपुढे मराठीत ठेवला जातो काय?

३) नुकसानभरपाईच्या निकषांत मालमत्ता नसलेल्या, परंतु किनाऱ्यावर उपजीविका असलेल्या व्यक्तींची, विशेषतः स्त्रियांची, नोंद होते काय?

४) संथ बदलांसाठी, म्हणजे विहिरींची क्षारता, किनारारेषा आणि मासळीची आवक यांसाठी, दरवर्षी ठरलेल्या वेळी मोजणी होते काय? जवळच्या महाविद्यालयांतील भूगोल व विज्ञान विभाग हे काम अल्प खर्चात करू शकतात.

५) तेरेखोलच्या दोन्ही तीरांवरील गावांसाठी इशारा, बचाव आणि खाडीचे व्यवस्थापन यांबाबत दोन राज्यांत समन्वय आहे काय?

६) स्थलांतर अटळ झाल्यास पुनर्वसनाची जागा समुद्राजवळचा व्यवसाय चालू ठेवता येईल अशी आहे काय? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी धूप रोखण्यास १,५०० कोटी आणि धूपग्रस्तांच्या पुनर्वसनास १,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. पुनर्वसन हा राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेला प्रश्न आहे, हे त्यातून स्पष्ट होते. मच्छीमाराला डोंगरावर घर देऊन तो सुटत नाही.

निष्कर्ष

मदत, संरक्षण, नियमन आणि उपजीविका या चारही दृष्टींनी किनारी समाजाच्या तयारीत काही ना काही भर घातली आहे. पूर्वसूचनेने जीव वाचले, कांदळवनांना प्रतिष्ठा मिळाली आणि स्त्रियांच्या गटांना उत्पन्नाचे नवे साधन लाभले. परंतु या चारही दृष्टी किनाऱ्याकडे राखावयाची रेषा म्हणून आणि माणसांकडे योजनेचे लाभार्थी म्हणून पाहतात. रेडीचा किनारा ही अनेकांच्या श्रमाची सामायिक जागा आहे आणि तिचे भवितव्य समुद्राइतकेच डोंगरावरील खाण, खाडीतील गाळ आणि नकाशावरील आखणी यांवर अवलंबून आहे. या निर्णयांत गावाला अधिकाराने बोलता आले, तरच तयारीच्या योजनांना अर्थ प्राप्त होईल. अन्यथा पुढील वादळानंतरही पंचनामे होतील, मदत वाटली जाईल, नवा बंधारा मंजूर होईल आणि रापण ओढण्यासाठी उभे राहायला पुळण मात्र उरणार नाही.